आधी पल्स, मग कोड : गाडीच्या आरपीएमचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, गाडीत मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम टाकता येणारी छोटी चिप) बसवून इंजिनचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या, डिस्प्लेवर कसा दाखवायचा. जुनी ओम्नी म्हणा, जीप म्हणा, डॅशबोर्डवर आरपीएमचा काटाच नसतो, आणि पोरांच्या हाताशी आर्डुइनो (तसल्या चिपचा तयार बोर्ड) पडलेलाच असतो, त्यामुळे हे होणारच होतं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त आरपीएम.

प्रश्न (एरंडोल) : माझ्याकडे कार्ब्युरेटरवाली ओम्नी आहे. इग्निशन कॉइलच्या मायनसवरून वायर घेतली, मध्ये १० केचा रेझिस्टर आणि ५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर रोखणारा डायोड) टाकून आर्डुइनो उनोच्या २ नंबर पिनला दिली. आयडलला (रेस न देता) कधी ८५० दाखवतं, कधी २४००. रेस केली की ९०००, १२०००, मनाला येईल ते. नेटवरचे कोड बदलून बदलून थकलो. आते काय करानं भाऊ?

उत्तर : भाऊ, कोड काही दिवस बाजूला ठेवा, तुमचा कोड बहुतेक बरोबरच मोजतोय, त्याला मोजायला जे मिळतंय तेच घाण आहे.

कॉइलच्या मायनसला नेमकं काय होतं ते बघा. इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग) मायनस बाजू ग्राउंडला जोडतो तेव्हा कॉइलमध्ये करंट भरत जातो, मग तो एकदम तोडतो आणि त्याच क्षणी त्या मायनसवर ३०० ते ४०० व्होल्टचा झटका उठतो, तिकडे सेकंडरीला (कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीला) हजारो व्होल्ट होऊन प्लगला ठिणगी पडते. ठिणगी साधारण एखादी मिलिसेकंद चालते, ती विझली की कॉइलमध्ये उरलीसुरली एनर्जी वरखाली हेलकावे खात संपते. हे हेलकावे तुमच्या झेनरवर पण येतात, आणि आर्डुइनोला काय, पिन वर गेली खाली आली की त्याने एक मोजला. ठिणगी एक, पल्स तीन किंवा चार, ते पण दरवेळी सारखे नाहीत. म्हणून तुमचा आकडा नुसता जास्त येत नाही तर नाचतो. आकडा कायम बरोबर दुप्पट येत असता तर मी सूत्र तपासायला सांगितलं असतं, नाचणारा आकडा म्हणजे सिग्नलच खराब हे पक्कं समजा.

आधी तो झेनर काढा आणि ऑप्टोकपलर टाका (आतला एलईडी लागला की पलीकडचा ट्रान्झिस्टर चालू होतो, दोन बाजूंत वायरचा संबंध नाही), पीसी ८१७ चालेल, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशात मिळतो. कॉइलच्या मायनसवरून ४.७ केचे दोन अर्ध्या वॅटचे रेझिस्टर सिरीजमध्ये, मग ऑप्टोच्या आतल्या एलईडीचा प्लस, एलईडीचा मायनस गाडीच्या बॉडीला. दोन रेझिस्टर का, तर पाव वॅटचा एकटा रेझिस्टर साधारण २५० व्होल्टपर्यंतच धरलेला असतो आणि इथं झटका त्याच्या वर जातो. एलईडीला उलटा १एन ४१४८ डायोड लावायला विसरू नका, कारण पीसी ८१७ चा एलईडी उलटा ६ व्होल्टच सोसतो. दुसऱ्या बाजूला कलेक्टरला १० केचा पुलअप (५ व्होल्टला जोडलेला रेझिस्टर), तिथून २ नंबर पिन. आणि हे रेझिस्टर कॉइलच्या जवळच बसवा, डॅशबोर्डजवळ नाही, म्हणजे ते ४०० व्होल्ट केबिनमधून फिरणार नाहीत. वायर प्लगच्या जाड वायरींना चिकटून आणू नका, लांबून आणा, शक्य असेल तर शिल्डवाली वापरा आणि शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

एवढ्यानेही हेलकावे पूर्ण जात नाहीत, उरलेले कोडमध्ये गाळायचे. पण गाळायला आधी हे माहीत पाहिजे की खरा पल्स किती वेळाने येणं शक्य आहे. तुमच्या ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं. फोर स्ट्रोकमध्ये एक सिलिंडर क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन ठिणग्या, एका फेरीत दीड. नेटवरचे बहुतेक कोड चार सिलिंडरसाठी, एका फेरीत दोन पल्स धरून लिहिलेले असतात, ते तसेच टाकले तर ओम्नीत आरपीएम पाऊणपटच दाखवणार. तुमचं सूत्र असं : दोन पल्समधला वेळ मायक्रोसेकंदात मोजा आणि ४ कोटीला त्याने भागा. ८०० आरपीएमला दोन पल्समध्ये ५० मिलिसेकंद, म्हणजे ५०,००० मायक्रोसेकंद, भागून बघा, ८०० येतात. ६००० ला ६.६७ मिलिसेकंद. आता मागच्या पल्सनंतर ४ मिलिसेकंदांच्या आत जे काही येईल ते इंटरप्टमध्येच (पल्स आला की लगेच चालणाऱ्या कोडच्या तुकड्यात) सोडून द्या, कारण ४ मिलिसेकंद म्हणजे १०,००० आरपीएम आणि तुमची ओम्नी तिथं कधीच जाणार नाही, घाट उतरताना पण नाही.

अजून एक. प्रत्येक पल्सला आकडा काढू नका, तीन पल्सचा वेळ एकत्र धरा. तीन पल्स म्हणजे बरोबर दोन फेऱ्या, तिन्ही सिलिंडर एकेकदा येऊन जातात. जुन्या डिस्ट्रिब्युटरची शाफ्ट झिजलेली असते, तिन्ही ठिणग्यांमधलं अंतर सारखं नसतं, एकेक पल्स घेतला तर ते खाली-वर दिसतं, तीनचा गट घेतला की जातं.

प्रश्न (अमळनेर) : मी डिप्लोमाला आहे. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनवर आमचा प्रोजेक्ट आहे. सर म्हणतात एक सेकंद पल्स मोजा आणि ३० ने गुणा. मी वाचलं की दोन पल्समधला वेळ मोजणं जास्त अचूक. व्हायवाला काय सांगू?

उत्तर : ताई, सर चुकीचं सांगत नाहीयेत, गुणिले ३० बरोबरच आहे. पण ८०० आरपीएमला सेकंदाला २६.६७ पल्स येतात आणि अर्धवट पल्स काही मोजता येत नाही, त्यामुळे कधी २६ येणार कधी २७, म्हणजे डिस्प्लेवर ७८०, ८१०, ७८०, ८१०. आणि हे पण सेकंदातून एकदाच. लवकर दाखवायचं म्हणून पाव सेकंद मोजलं तर एका पल्सची किंमत १२० आरपीएम होते, मग त्याला काही अर्थ उरत नाही.

वेळ मोजला तर ८०० ला ३७,५०० मायक्रोसेकंद. उनोचं मायक्रोज फंक्शन ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतं, तेवढी चूक इथं कुठं दिसणारच नाही. ६००० ला दोन पल्समध्ये ५००० मायक्रोसेकंद, तिथं ४ ची चूक म्हणजे ५ आरपीएमच्या आत. खरं तर त्याहून मोठी चूक उनोच्या घड्याळाची असते, कारण त्याच्या मुख्य चिपला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि तो अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे असू शकतो. हे व्हायवात सांगितलं तर परीक्षक दोन मिनिटं गप्प बसतील!

पण एक लक्षात ठेवा, वेळ मोजणं नेहमीच भारी असं नाही. क्रँक सेन्सरचं ६० वजा २ दातांचं चाक असतं, ५८ दात आणि दोन दातांची मोकळी जागा, ६००० आरपीएमला एका दातापासून दुसऱ्यापर्यंत फक्त १६७ मायक्रोसेकंद लागतात. तिथं ४ मायक्रोसेकंदांची पायरी म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त चूक. तिथं मोकळ्या जागेपासून पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत पूर्ण फेरीचा वेळ घ्यावा, नाहीतर दात मोजावेत. पल्स विरळ असतील तर वेळ मोजा, दाट असतील तर पल्स मोजा, परीक्षकांना एवढंच हवं असतं.

इंटरप्टमध्ये फक्त वेळ टिपायचा, भागाकार आणि सिरियल प्रिंट बाहेर. व्हेरिएबल व्होलाटाईल ठेवा, म्हणजे कोड दरवेळी त्याची ताजी किंमत वाचतो. आणि ते ३२ बिटचं असेल तर लूपमध्ये वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद करून कॉपी घ्या. एटीमेगा ३२८ आठ बिटचा, चार बाइट एकेक करून वाचतो, मध्येच नवा पल्स आला तर अर्धा आकडा जुना अर्धा नवा असा काहीतरी भलताच येतो, तो पण तासातून एखादवेळी, म्हणजे डेमोच्या वेळीच. अजून पुढं जायचं असेल तर ८ नंबर पिनवर टायमर १ चं इनपुट कॅप्चर बघा, वेळ हार्डवेअरच टिपतं. फक्त प्रीस्केलर (टायमरचा वेग भागणारा आकडा) ६४ ठेवा, ८ ठेवला तर टायमर ३३ मिलिसेकंदांच्या आधीच फिरून शून्यावर येतो आणि तुमचा आयडलचा पल्स ३७.५ ला येतोय.

प्रश्न (चाळीसगाव) : डिझेल जीप आहे, माल घेऊन कन्नड घाट नेहमी चढावा लागतो. डिझेलला तर ठिणगीच नाही, मग आरपीएम कुठून घ्यायचा?

उत्तर : दादा, तुमच्यासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडं सगळे डायनामोच म्हणतात. त्याच्या मागं डब्ल्यू असं लिहिलेला टर्मिनल आहे का बघा. असेल तर काम झालं, नसेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन डायनामो उघडून आतल्या स्टेटरच्या (न फिरणाऱ्या गुंडाळीच्या) एका फेजची वायर बाहेर काढून देतो.

बऱ्याच अल्टरनेटरमध्ये १२ पोल असतात, म्हणजे रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) एका फेरीला ६ पल्स. त्याला पुलीच्या प्रमाणाने गुणायचं. समजा क्रँकची पुली १४० मिलिमीटर आणि डायनामोची ७०, म्हणजे इंजिनच्या एका फेरीला डायनामोच्या दोन, पल्स १२. मग सेकंदाचे पल्स गुणिले ५ म्हणजे आरपीएम, ८०० ला १६० पल्स. इथं पल्स भरपूर आहेत, पाव सेकंद मोजले तरी २० आरपीएमपर्यंत आकडा मिळतो, घाटात गिअर कधी टाकायचा हे ठरवायला तेवढं पुष्कळ झालं. ऑप्टो इथं पण लावाच, रेझिस्टर २.२ के आणि उलटा डायोड, दुसऱ्या बाजूचा पुलअप पण २.२ केच ठेवा. मोठा पुलअप लावला तर पीसी ८१७ बंद व्हायला वेळ घेतो आणि जास्त आरपीएमला पल्स एकमेकांत मिसळतात.

पुली टेपने मोजून आलेला आकडा शेवटचा समजू नका. पट्टा पुलीच्या बाहेरच्या कडेवर चालत नाही, थोडा आत बसतो, आणि ढिला असला की घसरतो पण. एकदा क्रँक पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवून लाईटवाल्या टॅकोमीटरने बघा, एमआयडीसीत मोटरचं काम करणाऱ्या कुणाकडंही तो असतो, आणि त्यावरून कोडमधला ५ चा आकडा ४.८ किंवा ५.३ जो काय येईल तो करा. डायनामो चार्जिंग सुरू करेपर्यंत डब्ल्यूवर काही येत नाही, त्यामुळे स्टार्टर मारताना शून्य दिसेल, ती बिघाडाची खूण नाही.

काही जण पुलीवर चुंबक चिकटवून हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की सिग्नल देणारा) लावा म्हणून सांगतात. सेन्सर म्हणून ए ३१४४ चांगलाच चालतो, माझी भीती चुंबकाची आहे. ४००० आरपीएमला ७ सेंटिमीटर त्रिज्येवर दोन ग्रॅमचं चुंबक अडीच किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं. फेविक्विकवर ते एक दिवस सुटणार आणि रेडिएटरमध्ये घुसणार. लावायचंच असेल तर पुलीला खाच करून इपॉक्सीने बसवा आणि समोरच्या बाजूला तेवढंच वजन द्या.

प्रश्न (जळगाव) : माझी २०१८ ची पेट्रोल कार आहे. क्रँक सेन्सरच्या वायरला टॅप मारून आरपीएम घेऊ का? मोठ्या आकड्यांचा डिस्प्ले करायचाय.

उत्तर : नका घेऊ. त्या वायरवर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) जीव आहे, तुमचा सर्किट तिला जरा जरी लोड करायला लागला तर इंजिन मिसफायर करेल नाहीतर हायवेवर बंद पडेल. आणि गरज पण नाही. आपल्याकडे बीएस ४ (प्रदूषणाचे नियम) कारना एप्रिल २०१३ पासून ओबीडी २ (गाडीच्या कॉम्प्युटरला माहिती विचारायची सोय) आलं, स्टेअरिंगखाली १६ पिनचं सॉकेट असतं, ईसीयूने मोजलेला आरपीएम तिथं नुसता मागायचा.

ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ (त्या सॉकेटमध्ये बसणारा अडॅप्टर) घ्या नाहीतर एमसीपी २५१५ चं कॅन (गाडीतल्या कॉम्प्युटरांची आपसातली लाइन) मॉड्यूल. ७डीएफ आयडीवर ०१ ०सी विचारायचं, ७ई८ वरून उत्तर येतं, समजा ४१ ०सी १ए एफ८. शेवटचे दोन बाइट घ्या (१ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८), पहिला २६ गुणिले २५६ अधिक २४८, भागिले ४, झाले १७२६ आरपीएम. संपलं, ना ऑप्टो ना झेनर.

एमसीपी मॉड्यूलवर काहीच येत नसेल तर आधी त्याच्यावरचा क्रिस्टल वाचा. पुष्कळ मॉड्यूलवर ८ मेगाहर्ट्झचा असतो आणि लायब्ररीत १६ धरलेला असतो, मग ५०० केबीपीएस म्हणून सेट केलेला स्पीड प्रत्यक्षात निम्माच होतो आणि पोरं वायरिंग तपासत बसतात. १२० ओहमचा जंपर काढा, गाडीत दोन्ही टोकांना टर्मिनेशन (लाइनच्या टोकाचा रेझिस्टर) आधीच आहे. आणि चावी बंद झाल्यावर विचारणं थांबवा, नाहीतर रात्रभर ईसीयू जागा राहतो आणि सकाळी धक्का मारायला पोरं शोधावी लागतात.

प्रश्न (चोपडा) : १६ बाय २ चा एलसीडी लावला. गाडी १००० वरून ९५० ला आली की डिस्प्लेवर ९५००! कधी कधी मायनसमध्ये पण जातो. इंजिन बंद केलं तरी शेवटचा आकडा तसाच. दुपारी तर अख्खा डिस्प्ले काळा पडून राहिला. एकाच गाडीत किती बिघाड राहतील भाऊ?

उत्तर : चार बिघाड, चारही वेगळे. ९५०० चं कारण असं की ९५० लिहिताना चौथ्या घरातला जुना शून्य तसाच राहिलाय. आकडा १००० पेक्षा लहान असेल तर आधी एक मोकळी जागा प्रिंट करा, १०० च्या खाली दोन. एलसीडी क्लिअर वापरू नका, आकडे लुकलुकतात. आणि सेकंदाला चार वेळाच आकडा बदला, जवळच्या १० ला गोल करून, डोळ्याला त्याहून जास्त वाचताच येत नाही.

मायनस येतो कारण उनोचा इंट ३२,७६७ च्या पुढं जात नाही, ६० गुणिले १००० एवढ्यानेच तो उलटतो. आकड्याच्या मागं यूएल (मोठा आकडा धरायची कोडमधली खूण) लावा. इंजिन बंद झाल्यावर नवा पल्सच येत नाही मग नवा वेळ कुठून येणार, म्हणून अर्धा सेकंद पल्स आला नाही तर लूपमध्येच शून्य करा.

काळं पडणं हा उन्हाचा प्रश्न. एलसीडी तापला की कॉन्ट्रास्ट वाढत जातो. साधा पॅनेल ५० डिग्रीपर्यंतचा असतो आणि मे महिन्यात आपल्याकडं बाहेर सावलीतच ४५ होतं, बंद गाडीच्या डॅशबोर्डवरचं विचारूच नका. ७० डिग्रीवाला पॅनेल मिळतो तो घ्या, नाहीतर सरळ मॅक्स ७२१९ (आकडे चालवणारी चिप) वर चार सेव्हन सेगमेंट लावा. ओएलईडी दिसायला झकास पण भर उन्हात वाचता येत नाही.

प्रश्न (धुळे) : गाडी मोठ्या भावाची आहे, तो हात लावू देत नाही. घरी टेबलावर सगळं तपासता येईल का?

उत्तर : येईल, आणि गाडी तुमची असती तरी टेबलावरच आधी तपासायला सांगितलं असतं. महावितरण तुम्हाला फुकट सिग्नल जनरेटर देतंय, ५० हर्ट्झचा. जुन्या रेडिओतला किंवा नवा ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या, त्याच्या सेकंडरीवरून १ केचा रेझिस्टर आणि ऑप्टो, उलटा डायोड इथं तर पाहिजेच कारण अर्धा वेळ व्होल्टेज उलटंच असतं. सेकंदाला ५० पल्स मिळतात. तीन सिलिंडरच्या सूत्राने डिस्प्लेवर २००० दिसायला पाहिजे, चार सिलिंडरच्या सूत्राने १५००. ग्रिडची फ्रिक्वेन्सी सहसा ५० च्या अगदी जवळ असते, त्यामुळे २० पेक्षा जास्त फरक आला तर दोष तुमच्याकडं. ट्रान्सफॉर्मरशिवाय सरळ २३० व्होल्टचा प्रयोग करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

बाकीचे आरपीएम तपासायला दुसऱ्या आर्डुइनोवर टोन फंक्शन चालवा, १०० हर्ट्झ, १५० हर्ट्झ. उनोवर टोन ३१ हर्ट्झच्या खाली जात नाही, त्यामुळे आयडलचे २० हर्ट्झ हवे असतील तर पिन हाय-लो करून २५-२५ मिलिसेकंदांचा डिले टाका. भावाला २००० चा स्थिर आकडा दाखवा, मग बघा चावी मिळते का.

प्रश्न (भुसावळ) : ७८०५ (५ व्होल्ट देणारी आयसी) भयंकर तापतो, हात लावता येत नाही. मोठा हीटसिंक लावू का?

उत्तर : गाडी चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट असतात. बॅकलाइट, सेगमेंट सगळं मिळून २०० मिलिअँपिअर घेतले तर ९ व्होल्ट गुणिले ०.२, जवळजवळ दोन वॅट त्या बारक्या आयसीत जळतात, आणि भुसावळच्या उन्हात! हीटसिंकचा खर्च करू नका, सिगारेट सॉकेटमध्ये लागतो तो मोबाईलचा चांगला चार्जर घ्या आणि यूएसबीचे ५ व्होल्ट वापरा, त्याच्यात बक कन्व्हर्टर (जास्तीचं व्होल्टेज न जाळता कमी करणारं सर्किट) असतो, तापत नाही. स्टार्टर मारताना व्होल्टेज ९ च्या खाली पण जातं, तरी चार्जर बऱ्यापैकी सांभाळून घेतो, आर्डुइनो रिसेट झालाच तर ५ व्होल्टवर १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाका. कायमची वायर ओढायची असेल तर चावीनंतरच्या लाइनवरून घ्या आणि बॅटरीकडच्या टोकाला १ अँपिअरचा फ्यूज टाका, डिस्प्लेच्या टोकाला नाही, कारण वायर मध्ये कुठं सोलली गेली तर फ्यूज तिच्या आधी असायला पाहिजे.